एकोणिसावे कडवे

हेल्लूर, सांदोय बेट
ता. २८ डिसेंबर १९०७

चि. सुन्नेवा हिस अ. उ. आ.

मी, साकारिस, कै. दानियलचा थोरला मुलगा, वय पूर्ण चौऱ्याहत्तर, शिक्षण चार इयत्ता, राहणार हेल्लूर, या गावच्या नाचाचा चाळीस वर्षांचा म्होरक्या, पूर्ण शुद्धीवर राहून पुढील हकिकत लिहितो. बहिणीच्या पत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या गोष्टीचा पुढे निवाडा व्हायचा आहे, तिची नोंद पहिल्यापासून नीट असावी.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी एलियासच्या मोठ्या खोलीत हातात हात घालून नाचाची साखळी धरली गेली. साठ माणसे होती. मी दोन राजांचे एकशे बारा कडव्यांचे गाणे उचलले. सदुसष्टावे कडवे संपले आणि माझा घसा कोरडा पडला. विसरलो नाही, घसा कोरडा पडला. एक पाऊल पडेपर्यंतचाच अवकाश. तेवढ्यात समोरच्या बाजूने हानुसने अडुसष्टावे उचलले. पडलेले कडवे उचलावे आणि पुढचे म्होरक्याला परत द्यावे, हा आपला रिवाज. त्याने परत दिले नाही. राहिलेली पंचेचाळीसच्या पंचेचाळीस कडवी त्यानेच नेली. शेवटी माझ्यापाशी येऊन सर्वांच्या देखत म्हणाला की साकारिसदादा, आता बसा, पायांना तरी आठवतंय ना सगळं? लोक हसले. मार्जुन सुईणही हसली, जिच्या नवऱ्याच्या शवपेटीला मी खांदा दिला होता.

उपवासाचे दिवस लागण्यापूर्वीच्या शेवटच्या मंगळवारी, म्हणजे तीन मार्चला, मी हानुसवर गाणे घालणार आहे. नियम तुला माहीत आहे, तरी नोंदीसाठी लिहितो. ज्याच्यावर टवाळीचे गाणे असते, त्याला दोन धट्टेकट्टे गडी दोन्ही हातांना धरतात आणि त्याच्याच गाण्यावर नाचवतात. शेवटच्या कडव्यापर्यंत तो टिकला, तर हसण्यावारी जाते. हात सोडवून पळाला, तर गाणे खरे ठरते आणि बोटीबोटीने सगळ्या बेटांवर जाते.

बासष्ट साली मी त्याच्यावर गाणे घातले होते, ते तुला आठवत असेल. देवमाशांच्या शिकारीत हानुस शिडाखाली लपून रडला, असे ते गाणे. अकराव्या कडव्यालाच तो हात सोडवून दाराबाहेर गेला होता. ते गाणे आज चालणार नाही, कारण पुढे तीस वर्षे शिकारीत तो पहिल्या बोटीत उभा राहिला. नवीन काहीतरी पाहिजे. त्या काळात तो आपल्याकडे लोकर विंचरायला येऊन बसत असे. तू वीस वर्षांची होतीस, तुला दिसले असेल. त्याचे जे जे हास्यास्पद, हलके, लाजिरवाणे आठवेल ते सर्व लिहून पाठव. दयामाया दाखवू नकोस.

बाकी क्षेम. या वाऱ्यात वाळायला टांगलेले मांस चांगले धरत आहे. लोभ वाढवावा असे मी म्हणत नाही, आहे तेवढा पुरे; उत्तर मात्र लवकर यावे.

तुझा वडील बंधू
साकारिस


स्वीनोय
ता. १३ जानेवारी १९०८

ती. साकारिसदादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र उघडलं आणि छातीत धस्स झालं. वाटलं सरकारी कागद आला, माझी गाय कुणाच्या बटाट्यात शिरली की काय. चार ओळी वाचल्यावर कळलं की हे आपलंच ध्यान. नाव, वय, शिक्षण! अरे, मी तुझी बहीण आहे, न्यायाधीश नव्हे.

आधी एक सांग. घसा कोरडा पडला की विसरलास? अडुसष्टाव्यात राणी खिडकी उघडते. ते कडवं तू लहानपणीही चुकायचास आणि आई चुलीपासून ओरडून सांगायची. मी इथे कुणाला सांगणार नाही. सांगायला कोण आहे म्हणा! येन्स जाऊन नऊ वर्षं झाली. बायका विचारतात, एकटीला करमतं का. मी म्हणते, दोघं होतो तेव्हाही घरात एवढीच शांतता होती.

थंडी मरणाची आहे. गुडघे जिना चढताना कुरकुरतात, उतरताना शिव्या देतात. समुद्र शांत असला की बोट येते, म्हणजे महिन्यातून दोनदा. तेवढ्यात तुझं भांडण येतं, हेही बरंच आहे.

हानुसचं विचारलंस. लिहीन. पण त्याआधी माझं एक विचारायचं राहिलं होतं, ते तुझ्या पत्रानं वर काढलं. बासष्ट साली त्या शिकारीच्या दिवशी तू कुठल्या बोटीत होतास? हानुसला शिडाखाली तू स्वतः पाहिलंस का? कुणी सांगितलं असेल, तर कुणी? शेहेचाळीस वर्षांत मी हे कधी विचारलं नाही. तेव्हा विचारायचं सुचलं नाही, नंतर विचारून उपयोग नव्हता. आता नुसतंच कुतूहल म्हणून समज.

तेवढं कळव म्हणजे माझी आठवण चालू लागेल. घशाला गरम दूध घेत जा. माया पूर्वीइतकीच ठेव, जास्त झाली तर बोटीवाला जादा पैसे मागेल.

तुझी
सुन्नेवा


हेल्लूर
ता. २५ जानेवारी १९०८

चि. सुन्नेवा हिस अ. उ. आ.

पत्र पावले. तुझा प्रश्न विषयाला सोडून आहे. तरी विचारलेस म्हणून उत्तर देतो. त्या दिवशी मी बोटीत नव्हतो. पाय मुरगळला होता, मी किनाऱ्यावर होतो. हानुसला शिडाखाली मी पाहिले नाही. मला कोणी सांगितलेही नाही. त्याचे हात मऊ होते आणि तो हळू बोलत असे, त्यावरून तो लपला असता तर शोभले असते. गाणे रचणाऱ्याने सर्व काही पाहिलेले असण्याची गरज नाही. तो पळाला, म्हणजे खरे ठरले. नियम मी केलेला नाही.

शिवाय त्या वर्षी आई नुकतीच गेली होती. घरात तीन पुरुष, सत्तावीस मेंढ्या, आणि भाकरीला, लोकरीला, जळणाला तू एकटी. त्याच्यासारख्याने येऊन चुलीपाशी बसावे आणि तुझ्याकडे पाहत राहावे, हे घराला परवडणारे नव्हते. हे तुला तेव्हाच समजायला हवे होते. त्याऐवजी तू रागाने, ज्या पहिल्या माणसाने विचारले त्याच्या बोटीत बसून सर्वांत लांबच्या बेटावर निघून गेलीस. नुकसान आमचेच झाले. परंतु मी त्याची तक्रार केली नाही.

आता मुद्द्यावर येतो. लोकर विंचरायला जमलेल्या मंडळींपुढे मी नवीन पाच कडवी म्हणून पाहिली. कोणी हसले नाही. तोर्कील मधेच बटाट्याच्या बियाण्याबद्दल बोलू लागला. इकडे सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, हानुसने आपणहून गाणे उचलले आणि कोणी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. हा मंगळवार रिकामा गेला तर पुढच्या नाताळात पहिली हाक त्याला जाईल, आणि मी भिंतीला टेकून, मांडीवर हात ठेवून बसणाऱ्या म्हाताऱ्यांत जमा होईन. तसे होण्यापेक्षा मी कड्यावरून पक्षी धरायला दोरीशिवाय उतरेन. तेव्हा आठव आणि लिही.

तुझे गुडघे मेंढीच्या चरबीने चोळावेत. तुझ्या उत्तरावर माझे सर्व अवलंबून आहे, एवढे लक्षात असू दे.

साकारिस


स्वीनोय
ता. ५ फेब्रुवारी १९०८

ती. दादास सा. न. वि. वि.

उत्तर मिळालं. दोनदा वाचलं. मग चुलीत जळण घातलं, गाईला पाणी दाखवलं, आणि बसून तिसऱ्यांदा वाचलं. तुझं अक्षर अजून किती नीट आहे!

आता माझी आठवण मोकळी झाली. इतकी की कडवीच सुचू लागली. बायकांनी गाणी रचली तर दूध नासतं, असं बाबा म्हणायचे. माझं नासलं नाही. पूर्ण गाणं चौतीस कडव्यांचं आहे. पहिली अठरा सोबतच्या कागदावर लिहून पाठवते. उरलेली सोळा पाठवत नाही, कारण टपालाची बोट हानुसचा पुतण्या वल्हवतो आणि पाकीट उन्हासमोर धरून वाचण्याची त्याला खोड आहे, हे सगळ्या बेटांना माहीत आहे. माणसाचं नाव एकोणिसाव्या कडव्यात येतं. ती सोळा मी तोंडात घेऊन येईन. होय, येईन. तीन बोटी बदलून येईन, गुडघे काय म्हणतील ते म्हणोत.

अट एकच. अठरा कडवी तू म्हणायचीस आणि एकोणिसावं मी बायकांच्या बाजूनं उचलीन. ते तू परत मागायचं नाहीस. हा कलंक फक्त मला माहीत आहे, म्हणून तो माझ्याच तोंडून यायला हवा. आणि एकदा उचललेलं गाणं तू कुठल्याही कारणानं थांबवणार नाहीस, हात सोडणार नाहीस, असं मला लिहून दे. गेल्या खेपेसारखा घसा कोरडा पडलेला मला चालायचा नाही.

कागद कुणी पळवलाच तर निदान ही दोन तरी पाठ असू देत:

कड्यावर एक पुरुष राहतो, छाती काढून चाले,
भरती-ओहोटी विचारून त्याला मगच समुद्र हाले.

तीन शब्दांची गोष्ट सांगाया तास लागती तीन,
डुलकी लागली ऐकणाऱ्याला, म्हणे हा धर्महीन.

प्रत्येक कडव्यामागून सगळ्यांनी म्हणायची ओळ अशी आहे: धरला हात सुटू नये रे, पाऊल चुकू नये.

ते लिहून दिलेलं लवकर पाठव. तुझी आठवण इतकी मी गेल्या शेहेचाळीस वर्षांत काढली नव्हती.

सुन्नेवा


हेल्लूर
ता. १६ फेब्रुवारी १९०८

चि. सुन्नेवा हिस अनेकानेक उत्तम आशीर्वाद.

तू बापाचे नाव राखलेस. हुबेहूब हानुस! छाती काढून चालणे, समुद्राला परवानगी देणे, प्रत्येक गोष्टीला तास लावणे, जेवताना दुसऱ्याच्या ताटातील चरबी मोजणे, पाद्रीबाबांचे प्रवचन मधेच दुरुस्त करणे, हे सर्व त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाचे असूच शकत नाही. मी रात्रंदिवस घोकतो आहे. अठराही कडवी आता उलटी म्हणून दाखवू शकेन.

नावाचा गौप्यस्फोट न करता आठ कडवी मी विंचरणाऱ्या मंडळींपुढे म्हटली. काय सांगू! मार्जुनला ठसका लागला, तिच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. तोर्कील हसण्यासाठी बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. एलियास डोळे पुसत म्हणाला की साकारिसदादा, माणूस लगेच ओळखू येतो हो. मार्जुनने मला दोनदा विचारले की हे तुम्ही खरोखर स्वतः म्हणणार का? मी म्हटले, दुसरा कोण म्हणणार? यावर ती पुन्हा हसू लागली. वय झाले की बायकांना हसू आवरत नाही.

एकच सूचना. पाचव्या कडव्यात टक्कल आले आहे. हानुसला केस भरपूर आहेत. परंतु रचनाकाराने सर्व पाहिलेले असण्याची गरज नाही, हे मीच तुला लिहिले होते. म्हणून ते तसेच ठेवले आहे.

तू मागितलेले लिहून देतो: मी, साकारिस, हे गाणे एकदा उचलल्यावर शेवटच्या कडव्यापर्यंत थांबणार नाही, हात सोडणार नाही, आणि एकोणिसाव्यापासून पुढची कडवी परत मागणार नाही. उलट झाल्यास मला या बेटांवर कोणी म्होरक्या म्हणू नये.

हानुसला दोन्ही बाजूंनी कोणी धरायचे, तेही तोर्कीलशी ठरवले आहे. त्याला दाराच्या अगदी समोर उभा करणार आहोत, म्हणजे पळायचा मोह होईल. माझे डोळे त्या दाराकडे लागले आहेत. तुझा बिछाना घालून ठेवतो. लवकर ये आणि माझी इतक्या वर्षांची धाकटी बहीण आहेस तशीच ये.

साकारिस


स्वीनोय
ता. १० मार्च १९०८

साकारिस यास,

बुधवारी सकाळच्या बोटीनं निघाले, तुझ्या घरी न येता. तू घातलेल्या बिछान्यावर मला झोप आली नसती. दोन्ही दिवस मार्जुनकडे राहिले. तिनं पावात साय घालून दिली.

तू रागावला असशील. रागाव. मला तो राग हवाच आहे. एका बाजूनं खोटं गाणं आणि दुसऱ्या बाजूनं उघडं दार, यांच्यामध्ये मी वीस वर्षांची उभी होते. कारण काय, तर भाकऱ्या कोण भाजणार! इतकी वर्षं मला वाटत होतं की निदान कुणीतरी तुझ्याकडे खोटी चहाडी केली असेल. कुणीच केली नव्हती. ते तू सुंदर अक्षरात लिहून पाठवलंस, आणि वर तक्रार केली नाही म्हणून उपकारही मांडलेस. ज्या घरात मी शेहेचाळीस वर्षं एकाही माणसाला हसवलं नाही, तिथे बसून मी ते गाणं रचलं, आणि रचताना मला हसू येत होतं. दादा, इतकं हसू मला उभ्या जन्मात आलं नव्हतं.

आता शेवटचं. हे गाणं दर वर्षी त्या मंगळवारी म्हटलं जाईल, आणि म्हणायचं तूच. सगळी चौतीस. तू नाही म्हणालास तर सगळी बेटं समजतील की साकारिस दाराबाहेर पडला, फक्त आठवडाभर उशिरा. माझ्याकडून याहून कमी होणार नाही. माया मागू नकोस, उत्तर दे.

सुन्नेवा


हेल्लूर
ता. २४ मार्च १९०८

श्रीमती सुन्नेवा हिस, सा. न. वि. वि.

मी, साकारिस, वय पूर्ण चौऱ्याहत्तर, तीन मार्च रोजी जे घडले त्याची जबानी लिहितो. तू तिथे होतीस. तरीही जबानी पूर्ण असावी लागते.

दुपारी साखळी धरली गेली. एकोणऐंशी माणसे होती. दाराच्या समोर हानुसला उभे केले. मी गाणे उचलले आणि अठरा कडवी एकही पाऊल न चुकता म्हटली. माझा आवाज गेल्या दहा वर्षांत इतका भरून लागला नव्हता. लोक हसत होते आणि मी त्यांना आणखी हसवत होतो. मग बायकांच्या बाजूने तुझा आवाज आला. मी तो ताबडतोब ओळखला नाही, आईचा वाटला.

नाव विचारता त्या पुरुषाचे? मग म्होरक्याकडे पाहा,
साकारिस म्हणती त्याला गड्यांनो, पाऊल टाकीत राहा.

पाऊल पडले. ते कसे पडले हे मी सांगू शकत नाही. साखळी थांबली नाही, कारण मी थांबलो नाही. मी थांबणार नाही असे लिहून दिले होते. तोर्कील हानुसपाशी होता, तो साखळीखालून वाकून आला आणि त्याने माझा डावा हात धरला. उजव्या हाताला कोणी येईना. म्होरक्याला धरायचे कोणाचे धाडस नव्हते. तेव्हा हानुस स्वतः खोली ओलांडून आला, त्याने माझा उजवा हात पकडला आणि कानाशी म्हणाला की साकारिस, आता बघू या कोण पळतो ते. सत्तर वर्षांच्या माणसाच्या मानाने त्याची पकड घट्ट आहे.

बहीण होती घरी तयाच्या, विणी, भाजी, ओढी पाणी,
ती गेली तर चूल कोण पेटवी? म्हणून रचली गाणी.

हे कडवे आले तेव्हा खोलीत हसणे बंद झाले. पावलांचाच आवाज होता. दार उघडे होते आणि माझ्यापासून सहा पावलांवर होते. मी ती मोजली होती, हे कबूल करतो. मग एकतिसावे आले.

एकाने खोटे गाइले, दुजा ऐकून पळून गेला,
दोन पुरुषांच्या मधोमध तो एक संसार मेला.

ज्या क्षणी हे शब्द आले, त्या क्षणी माझ्या उजव्या हातातली पकड सैल झाली. हानुसची मान दाराकडे वळली. मी त्याचा हात आवळला. दयेने आवळला नाही. मला नाचायचे आहे तर त्यालाही नाचायचे आहे, एवढ्यासाठी आवळला. त्याने दोनदा ओढून पाहिले, मी सोडले नाही. धरला हात सुटू नये, ही ओळ आम्ही दोघांनी शेवटी तीन वेळा म्हटली.   गाणे संपले तेव्हा तू खोलीत नव्हतीस.

गावाने मला म्होरक्या ठेवले की काढले, हे अजून कोणी बोललेले नाही. मार्जुन आता मला पाहून हसत नाही, ते हसण्यापेक्षा जड जाते.

तुझ्या मागणीचे उत्तर. गाणे मीच म्हणेन, जिवंत आहे तोवर दर वर्षी, सगळी चौतीस. तुझी सोळा मी त्याच रात्री कागदावर उतरवली. दुसऱ्याच्या तोंडात ते गेले तर अशुद्ध होईल. सव्विसाव्या कडव्यात मात्रा कमी पडते, ती मी दुरुस्त केली आहे. तेविसाव्यातही पडते, परंतु त्यात मी तुला निरोप द्यायला किनाऱ्यावर आलो नाही हे आहे, म्हणून त्याला हात लावला नाही.

हानुसची साक्षीची सही मागायला मी स्वतः त्याच्या दाराशी गेलो. तो म्हणाला की आधी एक वाक्य लिही, मग सही करतो. ते वाक्य असे: सन अठराशे बासष्टच्या शिकारीत हानुस शिडाखाली लपला नव्हता, ते गाणे मी माझ्या सोयीसाठी रचले. मी ते त्याच्या टेबलाशी बसून लिहिले. मग मी म्हटले की आता तुझेही एक लिही. त्याने टाक माझ्या हातातून घेतला आणि खाली लिहिले की गाणे खोटे होते हे मला माहीत होते, तरी मी पळालो. तो कागद सोबत जोडला आहे. तो तुझा आहे. जाळायचा असेल तर जाळ.

मी क्षमा मागत नाही, कारण ती देण्याची तुला गरज पडू नये. आशीर्वादही लिहीत नाही, तो अधिकार माझा राहिलेला नाही. पुढच्या वर्षी त्या मंगळवारी एकोणिसाव्या कडव्याला मी एक पाऊल थांबेन. ते कोणीही उचलणार नाही, असे सर्वांना बजावले आहे. तू आली नसशील तर मीच उचलेन.

वरील हकिकत घडली तेव्हा हजर साक्षीदार: एलियास, घरमालक. मार्जुन सुईण, बायकांच्या बाजूला. तोर्कील, माझ्या डाव्या हाताला. हानुस, माझ्या उजव्या हाताला, शेवटच्या कडव्यापर्यंत.

साकारिस